कोठाराचा परवाना

यंत्रशाळेत ज्याने उमेदवारी केली आहे त्याला हत्यारांच्या कोठाराची खिडकी सहसा विसरता येत नाही. कामगाराला मायक्रोमीटर, रीमर किंवा एखादा गेज हवा असला म्हणजे तो त्या खिडकीशी जाई, आपला क्रमांक कोरलेला पितळी बिल्ला कोठावळ्याच्या हाती देई आणि त्याच्या बदली हत्यार घेई. कोठावळा तो बिल्ला हत्याराच्या रिकाम्या खुंटीवर अडकवून ठेवी. पाळी सुटण्याच्या वेळी हत्यार परत यावयाचे व बिल्ला मालकाकडे जावयाचा. कुलूप घालण्यापूर्वी कोठावळ्याने फळीवर एकवार नजर फिरविली की कोणते हत्यार कोणाकडे राहिले आहे, हे कोणालाही न विचारता त्याला समजत असे.

या रीतीचे मर्म असे की, तो एवढासा बिल्ला चार प्रश्नांची उत्तरे एकदम देई: हत्यार कोणी नेले, कोणते नेले, केव्हापर्यंत नेले आणि ते परत आले की नाही. शिवाय बिल्ला मोजकाच असल्यामुळे तो एका वेळी एकाच खुंटीवर असू शके. तो हरवला तर ज्याचा त्याला तत्काळ कळे. कारण त्याचे पुढचे काम अडे. पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात आज हाच टोकन शब्द एका निराळ्या वस्तूला लावतात. ती वस्तू पितळेची नाही, ती डोळ्यांना दिसत नाही, आणि तिने जे कोठार उघडते त्यात पोलादी हत्यारांऐवजी सॉफ्टवेअर साठविलेले असते. नाव एकच राहिले, पण स्वभाव पालटला. हा पालट नीट ध्यानात न घेतल्यामुळे मोठमोठ्या कारखान्यांवरही कसे प्रसंग आले आणि ते कसे टाळता येतात, याचा विचार या भाषणात करावयाचा आहे.

पिंपरीची औद्योगिक कहाणी श्रोत्यांना स्थूलमानाने ठाऊक असेलच. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा पेनिसिलिनचा सरकारी कारखाना येथे स्थापन झाला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले. १९६६ साली टाटा इंजिनिअरिंग अँड लोकोमोटिव्ह कंपनीने, म्हणजे टेल्कोने, आपला पुण्याचा कारखाना या परिसरात उभारला; या कंपनीचे नाव २००३ पासून टाटा मोटर्स असे झाले. याच टेल्कोच्या आवारात १९९५ पासून मर्सिडीज-बेंझ या जर्मन कंपनीच्या गाड्यांची जुळणी होऊ लागली, आणि पुढे २००९ साली त्या कंपनीने चाकण येथे स्वतःचा कारखाना थाटला. एका छपराखाली काही काळ नांदलेल्या या दोन्ही कंपन्यांची नावे पुढे पुन्हा यावयाची आहेत, म्हणून ती येथे सांगून ठेवली.

पूर्वी मोटार म्हणजे लोखंड, रबर आणि तेल यांचा व्यवहार होता. हल्लीच्या गाडीत इंजिनाला इंधन किती द्यावयाचे, ब्रेक केव्हा सैल सोडावयाचा, विजेच्या गाडीची बॅटरी किती तापू द्यावयाची, हे सारे लहान लहान संगणक ठरवितात. त्या संगणकांना चालविणाऱ्या आज्ञा हिंजवडीच्या किंवा तळवड्याच्या एखाद्या कचेरीत बसून अभियंते लिहितात. गाडीची मागणी नोंदविणे, सुटे भाग पुरविणे, वाटेवरील मालमोटार कोठे आहे हे पाहणे, या कामांसाठीही सॉफ्टवेअर लागते. म्हणजे सॉफ्टवेअर हा आता नटबोल्टांइतकाच कारखान्याचा कच्चा माल झाला आहे.

ज्याप्रमाणे कोणताही कारखाना आपले सगळे नटबोल्ट स्वतः पाडीत बसत नाही, त्याप्रमाणे सॉफ्टवेअर लिहिणाराही प्रत्येक आज्ञा नव्याने लिहीत नाही. तारखांचा हिशेब करणे, दोन संगणकांत निरोप पोहोचविणे, अशी नित्याची कामे करणारे तयार तुकडे बांधून ठेवलेले असतात. त्यांना पॅकेज म्हणतात. या पॅकेजांची मोठी सार्वजनिक कोठारे आहेत. एनपीएम नावाचे असे एक कोठार २०१० साली सुरू झाले व आज त्यात वीस लाखांहून अधिक पॅकेजे आहेत. ती कोणीही विनामूल्य घ्यावीत. परंतु कंपनीने आपल्या बुद्धीने व पैशाने तयार केलेले जे तुकडे असतात, उदाहरणार्थ बॅटरी सांभाळण्याची खास युक्ती किंवा विक्रेत्यांच्या हिशेबाची पद्धत, ते चव्हाट्यावर मांडून चालत नाही. त्यांच्यासाठी खाजगी कोठार लागते. एनपीएमने तशी सोय २०१५ साली केली. इतर कंपन्यांचीही अशी कोठारे आहेत, आणि पुष्कळ कारखाने ती स्वतःच्या आवारातच ठेवतात.

आता खाजगी कोठार म्हटले की दार आले, आणि दार म्हटले की किल्ली आली. माणूस असेल तर तो आपले नाव व पासवर्ड सांगून आत जाईल. पण कोठारातून माल उचलणारा बहुधा माणूस नसतो. रात्री दोन वाजता सॉफ्टवेअरच्या तुकड्यांची जुळणी करणारे स्वयंचलित यंत्र कोठाराशी जाते आणि शंभर पॅकेजे मागते. त्याच्या हाती देण्यासाठी चाळीस-पन्नास अक्षरांची व अंकांची एक माळ तयार करतात. तीच टोकन होय. तिला अर्थ नसतो, ती पाठ करावयाची नसते. कोठाराने ती ओळखली की दार उघडले.

येथेच पितळी बिल्ल्याशी असलेले साम्य संपते. बिल्ला खिडकीवर देऊन टाकावा लागे. ही माळ दाखविली तरी दाखविणाराकडेच राहते. बिल्ल्याची दुसरी प्रत पाडावयाची तर लेथ व कोरण्याचे अवजार लागेल. या माळेची प्रत निमिषार्धात होते. आणि सर्वांत घातक गोष्ट ही की, तिची प्रत कोणी चोरली तरी मूळ माळ जागच्या जागी असते. एकही खुंटी रिकामी पडत नाही. मालकाचे काम अडत नाही, म्हणून त्याला चोरीचा पत्ता लागत नाही. कोठाराला तर देणारा कोण हे दिसतच नाही; ज्याच्या हाती माळ तो मालक, एवढेच त्याला कळते. टोकनांच्या व्यवस्थेतील सर्व नियम या एका गोष्टीतून निघाले आहेत.

पहिले उदाहरण मर्सिडीज-बेंझचे आहे. या कंपनीचे सॉफ्टवेअरचे मूळ लेखन, ज्याला सोर्स कोड म्हणतात, ते तिच्या अंतर्गत भांडारात सुरक्षित ठेवलेले होते. तिच्या एका कर्मचाऱ्याचे त्या भांडाराचे टोकन २९ सप्टेंबर २०२३ रोजी गिटहब या संकेतस्थळावरील एका सार्वजनिक दप्तरात जाऊन पडले. तेथे कोणीही जाऊन ते वाचावे अशी स्थिती होती. जानेवारी २०२४ मध्ये रेडहंट लॅब्ज या सुरक्षासंस्थेला इंटरनेटची नित्याची पाहणी करीत असता ते आढळले. या एका टोकनाने भांडारातील सगळे लेखन विनाअट उघडत होते, आणि त्या लेखनात आणखी कितीतरी किल्ल्या व पासवर्ड लिहिलेले होते, असे संस्थेने प्रसिद्ध केले. वार्ता पोहोचल्यावर कंपनीने २४ जानेवारी रोजी ते टोकन रद्द केले आणि हा प्रकार मानवी चुकीमुळे झाल्याचे मान्य केले. मधल्या काळात जवळजवळ चार महिने लोटले होते. हे जर्मनीच्या मुख्य घराण्याचे प्रकरण होते, चाकणच्या कारखान्याचे नव्हे. परंतु एका बिल्ल्याने एक हत्यार मिळावे या जुन्या रीतीशी याची तुलना करून पाहावी. येथे एका बिल्ल्याने कोठार, तिजोरी आणि कचेरी अशी तिन्ही दारे उघडत होती, आणि तो बिल्ला रस्त्यावर पडला होता.

दुसरे उदाहरण टाटा मोटर्सचे आहे. तिच्या व्यापारी वाहनांचे सुटे भाग विकण्यासाठी ई-दुकान नावाचे संकेतस्थळ आहे. ईटन झ्वेअर या सुरक्षासंशोधकाला २०२३ साली असे दिसून आले की, त्या संकेतस्थळाच्या पानामागील लेखनातच कंपनीच्या अॅमेझॉनकडील साठ्याच्या किल्ल्या लिहून ठेवलेल्या आहेत. ब्राउझरमधून पानाचे मूळ लेखन पाहता येते, हे तर शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्या किल्ल्यांनी उघडणाऱ्या साठ्यात लक्षावधी बिले होती व त्यांवर ग्राहकांची नावे, पत्ते आणि पॅन क्रमांक होते. मालमोटारींवर लक्ष ठेवणाऱ्या फ्लीटएज या सेवेचाही सत्तर टेराबाइटहून अधिक मजकूर आवाक्यात होता. झ्वेअर यांनी ऑगस्ट २०२३ मध्ये सर्ट-इन या सरकारी संस्थेमार्फत कंपनीला कळविले. कंपनीने दोष दुरुस्त केले, आणि हा वृत्तान्त ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा सर्व दोष २०२३ सालीच दूर केल्याचे तिने सांगितले. या किल्ल्या पॅकेजच्या कोठाराच्या नव्हत्या. परंतु अक्षरांची माळ, दाखवील त्याला दार, आणि चोरीची खूण नाही, हा स्वभाव तोच.

या दोन्ही प्रकरणांत कोणी कुलूप फोडले नाही. किल्ली दारालाच लावून ठेवलेली होती. तेव्हा प्रश्न असा पडतो की, शिकले-सवरलेले, कुशल अभियंते अशी गोष्ट करतात तरी कशी? याचे उत्तर हलगर्जीपणा या एका शब्दाने देऊन भागत नाही. एखाद्या नव्या अभियंत्याची कामाची सुरुवात कशी होते ते पाहावे. तो खाजगी पॅकेज मागतो. कोठार म्हणते, टोकन दाखवा. शेजारी बसलेला सहकारी आपले टोकन त्याला निरोपातून पाठवितो, कारण नव्या टोकनाचा अर्ज मंजूर होण्यास चार दिवस लागतात आणि काम आज संपवावयाचे असते. नवा अभियंता ते टोकन एका लहानशा मांडणीच्या फाइलीत लिहितो. काम चालू होते. संध्याकाळी तो आपले सगळे लेखन दप्तरात जमा करतो, आणि त्याबरोबर ती फाइलही जाते. उद्या चूक ध्यानात आली व त्याने ती ओळ खोडली, तरी दप्तर जुनी आवृत्ती जपून ठेवते. इतिहास जपणे हेच तर त्या दप्तराचे काम. जुळणी करून जी तयार प्रत निघते तिच्या थरांतही ते टोकन चिकटून राहू शकते. म्हणून खोडणे हा उपाय नव्हे. एकदा उघड्यावर आलेले टोकन रद्दच केले पाहिजे.

आता व्यवस्थेकडे वळावयाचे. शिवकालीन गडावर हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे निरनिराळे अधिकारी असत. दरवाजाच्या किल्ल्या हवालदाराकडे, हजिरी व हिशेब सबनिसाकडे, आणि दाणागोटा व सामानसुमान कारखानिसाकडे. सगळेच विश्वासाचे असत. तथापि सगळा गड एकाच्या मुठीत राहू नये, ही त्यामागील दृष्टी होती. टोकनांचा पहिला नियम हाच. ज्याला कोठारातून पॅकेज केवळ घ्यावयाचे आहे त्याच्या टोकनाने घेताच यावे. त्याने नवे पॅकेज कोठारात ठेवता येऊ नये. ज्याला एकाच विभागाची पॅकेजे लागतात त्याला इतर विभागांची फळी दिसूही नये. वाचण्याचा अधिकार निराळा आणि लिहिण्याचा निराळा, एवढी एकच विभागणी कसोशीने पाळली तरी अर्धे संकट टळते.

या म्हणण्याला सप्टेंबर २०२५ मध्ये एक दारुण प्रमाण मिळाले. एनपीएमच्या सार्वजनिक कोठारात एक स्वयंप्रसारी कीड शिरली. एका प्रसिद्ध इंग्रजी कादंबरीतील वाळूच्या अजगरावरून तिला शाय-हुलूद असे नाव पडले. बाधित पॅकेज कोणी आपल्या संगणकावर घेतले की ही कीड त्या संगणकाचे कानेकोपरे धुंडाळून टोकने शोधी. लिहिण्याचा अधिकार असलेले टोकन सापडले की त्या मालकाच्या इतर पॅकेजांत स्वतःला घालून त्यांच्या नव्या आवृत्त्या ती कोठारात ठेवून देई. अशा रीतीने पाचशेहून अधिक पॅकेजे बाधित झाल्याचे अमेरिकेच्या सायबर सुरक्षासंस्थेने जाहीर केले. नोव्हेंबरात तिची दुसरी लाट आली. ज्या संगणकावर केवळ वाचण्याचे टोकन होते तेथून ती पॅकेजांत पसरू शकत नव्हती. आग सर्वत्र होती, पण जेथे सरपण नव्हते तेथे ती पुढे सरकली नाही.

दुसरा नियम मुदतीचा. पितळी बिल्ला रोज संध्याकाळी परत येई. पण अनेक कंपन्यांची टोकने वर्षानुवर्षे चालत राहत असत. त्यांना काढणारा माणूस नोकरी सोडून गेला, प्रकल्प बंद पडला, तरी टोकन जिवंतच. एनपीएमने या बाबतीत कडक पाऊल उचलले. जुन्या पद्धतीची, मुदत नसलेली व सर्व दारे उघडणारी टोकने तिने ९ डिसेंबर २०२५ रोजी कायमची रद्द केली. लिहिण्याचा अधिकार देणाऱ्या नव्या टोकनांची मुदत, दुसरी काही न मागितल्यास सात दिवसांची, आणि मागितली तरी फार तर नव्वद दिवसांची ठरविली. याहून चांगली तोडही निघाली आहे. पॅकेज प्रसिद्ध करणाऱ्या यंत्राला कायमचे टोकन द्यावयाचेच नाही. त्या यंत्राने प्रत्येक वेळी आपली ओळख पटवावी आणि तेवढ्या कामापुरता काही मिनिटांचा परवाना घ्यावा; काम झाले की परवाना आपोआप निकामी व्हावा. जो परवाना संध्याकाळपर्यंतही जगत नाही तो चोरून चोराच्या हाती काय लागणार?

तिसरा नियम जागेचा. टोकन सोर्स कोडमध्ये, निरोपांत, पत्रांत किंवा वहीत लिहावयाचे नाही. त्यासाठी संगणकावरील खास तिजोऱ्या असतात. जुळणीच्या क्षणी यंत्राने तेथून टोकन घ्यावे व काम होताच विसरून जावे. याच्या जोडीला पहारेकरीही ठेवावा. गिटहबने २०२१ पासून आपल्या टोकनांच्या आरंभी ठरावीक अक्षरे व शेवटी पडताळणीचे अंक घालण्यास प्रारंभ केला. त्यामुळे लाखो ओळींतून टोकन चटकन ओळखता येते. फेब्रुवारी २०२४ पासून तर सार्वजनिक दप्तरात कोणी ओळखीच्या स्वरूपाचे टोकन जमा करू लागला की ती व्यवस्था त्याला दारातच अडविते.

चौथा नियम नोंदवहीचा, आणि तो सर्वांत कंटाळवाणा असल्यामुळे सर्वांत उपेक्षित आहे. कोणते टोकन कोणासाठी काढले, कोणत्या कामासाठी, कोणी मंजूर केले, कोठे ठेवले, केव्हा संपणार, आणि मालक बदलला तर पुढे कोणाकडे, याची अद्ययावत नोंद पाहिजे. बाहेरच्या कंत्राटदारास दिलेल्या टोकनांची तर निराळी यादी हवी. एप्रिल २०२२ मध्ये गिटहबने जाहीर केले की, हेरोकू व ट्रॅव्हिस या दोन बाहेरच्या सेवांना दिलेली टोकने चोरीला जाऊन डझनावारी संस्थांचे खाजगी लेखन बाहेर गेले. त्यात खुद्द एनपीएमही होते! त्या संस्थांनी आपली दारे नीट लावली होती. पण शेजाऱ्याकडे ठेवावयास दिलेली किल्ली शेजाऱ्याच्या घरातून गेली. अशा वेळी कोणाकडे कोणती किल्ली दिली होती, हे ज्याला तासाभरात सांगता आले तो वाचला. ज्याला आठवडा लागला त्याचे काय गेले असेल याचा अंदाजच करावा.

पाचवी गोष्ट नियमाहून सावधगिरीची आहे. ॲलेक्स बिरसन नावाच्या संशोधकाने फेब्रुवारी २०२१ मध्ये एक विलक्षण प्रयोग प्रसिद्ध केला. मोठ्या कंपन्यांच्या खाजगी पॅकेजांची नावे त्याने उघड्या फाइलींतून शोधून काढली आणि त्याच नावांची, पण अधिक वरच्या आवृत्तीचा अंक असलेली, निरुपद्रवी पॅकेजे सार्वजनिक कोठारात ठेवली. अॅपल व मायक्रोसॉफ्ट यांसह पस्तीसहून अधिक कंपन्यांच्या यंत्रांनी घरचे पॅकेज सोडून बाजारातले उचलले. त्याने एकही टोकन चोरले नव्हते. सारांश, आतल्या कोठाराला कितीही भक्कम कुलूप असले तरी माल आणावयास पाठविलेला गडी नाव सारखे पाहून बाजारातून आणू लागला, तर कुलपाचा उपयोग नाही. म्हणून कंपनीने आपल्या पॅकेजांना स्वतःचे राखीव उपनाव लावावे, आणि त्या उपनावाचा माल केवळ घरच्या कोठारातूनच घ्यावा असे यंत्राला बजावून ठेवावे.

इतके ऐकल्यावर कामाच्या माणसाच्या मनात एक आक्षेप उभा राहील, आणि तो अगदीच गैरवाजवी नाही. मुदतीची टोकने म्हणजे मध्येच संपणारी टोकने. शुक्रवारी रात्री एखादी तातडीची दुरुस्ती पाठवावयाची आहे, जुळणीचे यंत्र लाल दिवा दाखवून थांबले आहे, टोकन दुपारीच संपले, आणि नवे काढण्याचा अधिकार ज्याला आहे तो गृहस्थ लोणावळ्याच्या घाटात गाडीत बसला आहे! ज्याने असा एक प्रसंग भोगला तो पुढच्या वेळी न संपणारेच टोकन काढील. या पट्ट्यात भोसरीसारख्या ठिकाणी मोठ्या कारखान्यांना माल व सेवा पुरविणारी अनेक लहान दुकाने आहेत. तेथे दोन-चार माणसांतच सगळे काम चालते. त्यांना निराळा सुरक्षाधिकारी नेमा असे सांगणे सोपे, करणे अवघड.

तथापि हा आक्षेप मुदतीवर नसून अव्यवस्थेवर आहे. प्रत्येक टोकनाला एक नव्हे तर दोन जबाबदार माणसे असावीत. मुदत संपण्याच्या आठवडाभर आधी दोघांनाही सूचना जावी. जुने टोकन चालू असतानाच नवे काढावे, ते चालते याची खात्री करावी, आणि मग जुने मोडावे. पाण्याची जुनी वाहिनी तोडण्यापूर्वी नवी जोडतात तसेच हे आहे. लहान दुकानाने निदान तीन गोष्टी कराव्यात: प्रत्येक माणसाला व प्रत्येक यंत्राला निराळे टोकन, यंत्राला केवळ वाचण्याचे टोकन, आणि माणूस सोडून गेला त्याच दिवशी त्याचे टोकन रद्द. यांस पैसा फारसा पडत नाही. महिन्यातून एक तास पडतो. आणि मोठ्या कारखान्यांनीही एक पथ्य पाळले पाहिजे. टोकनाचा अर्ज मंजूर होण्यास चार दिवस लागत असतील, तर सहकाऱ्याचे टोकन उसने घेण्याचा मार्ग कारखान्यानेच दाखविला असे होते. जी खिडकी वेळेवर उघडत नाही तिच्या मागच्या भिंतीला लोक भोक पाडतात.

याहून नाजूक गोष्ट माणसाच्या मनाची आहे. टोकन उघड्यावर पडले हे बहुधा सर्वांत आधी ज्याच्या हातून पडले त्यालाच कळते. तो वयाने लहान, नोकरीत नवा, कदाचित घरातील पहिला अभियंता असतो. त्या क्षणी त्याच्यापुढे दोन वाटा असतात: वरिष्ठांना सांगणे, अथवा ओळ खोडून गप्प बसणे. आदल्या महिन्यात अशाच चुकीसाठी कोणाची तरी सर्वांदेखत खरडपट्टी निघालेली त्याने पाहिली असेल, तर तो दुसरी वाट धरील. उघड्या दप्तरांतून टोकने वेचणारी यंत्रे इंटरनेटवर अहोरात्र फिरत असतात. त्यांना महिने नव्हेत, मिनिटे पुरतात. म्हणजे चूक घडल्यापासून ती कळविण्यापर्यंतचा जो अवधी, तोच नुकसानीचे माप ठरवितो, आणि तो अवधी वाढविणारी गोष्ट भीती ही होय. म्हणून शहाण्या कारखान्याचा शिरस्ता असा पाहिजे: आधी टोकन रद्द, मग त्या टोकनाने काय काय उघडले गेले याची तपासणी, आणि दोषाचा विचार सर्वांच्या शेवटी. ज्याने स्वतः होऊन चूक सांगितली त्याला शाबासकी दिली नाही तरी निदान शिक्षा देऊ नये. यंत्राजवळ बोट कापलेल्या कामगाराला आधी मलमपट्टी करतात; त्याचा निष्काळजीपणा त्यानंतर पाहतात.

या सर्वांशी कारखान्याबाहेरच्या घरांचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध निकटचा आहे. ज्या बिलांवर पॅन क्रमांक होते ती बिले ग्राहकांची होती. गाडीचे सॉफ्टवेअर जेथून येते ते कोठार भ्रष्ट झाले तर गाडी चालविणाराच्या जिवाशी गाठ येऊ शकते. कायद्यानेही याची दखल घेतली आहे. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इनने काढलेल्या आदेशान्वये सायबर घटना ध्यानात आल्यापासून सहा तासांच्या आत कळविणे बंधनकारक आहे, आणि यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवावयाच्या आहेत. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमात वाजवी सुरक्षा न राखणाऱ्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध होऊन तो टप्प्याटप्प्याने अमलात येत आहे. परंतु दंड हा घडून गेलेल्या गोष्टीचा असतो. बाहेर गेलेला पॅन क्रमांक दंडाने परत येत नाही.

याखेरीज वाकड, पिंपळे सौदागर, निगडी या बाजूच्या कितीतरी घरांत मुलगा, मुलगी किंवा सून याच कामावर आहे. रात्री जेवणाच्या वेळी त्यांच्यापैकी कोणी अचानक गप्प झाले, ताट सरकवून संगणकाकडे धावले, तर कदाचित असेच एखादे टोकन उघड्यावर पडले असेल. वडीलधाऱ्यांना त्यातले तंत्र समजले नाही तरी चालेल. आत्ता लगेच वरिष्ठांना कळव, एवढा धीर त्यांनी दिला तरी एखाद्या कारखान्याचे कोठार वाचेल.

पिंपरीच्या यंत्रशाळेतला तो कोठावळा फारसा शिकलेला नसेल. त्याच्यापाशी ना तिजोरी होती ना पहारा करणारे यंत्र. पण कुलूप लावण्यापूर्वी फळीसमोर उभे राहून प्रत्येक खुंटी पाहिल्याशिवाय तो घरी जात नसे. नव्या कोठारांना खुंट्या नाहीत, म्हणून ती फळी आता नोंदवहीच्या रूपाने कोणीतरी मुद्दाम बनवावी लागते, आणि रोज संध्याकाळी तिच्यासमोर कोणीतरी उभे राहावे लागते. कोणते टोकन बाहेर आहे, कोणाकडे आहे आणि ते आज परत यावयास हवे होते काय, हे तीन प्रश्न ज्या कारखान्यात कुलूप लावण्यापूर्वी विचारले जातात, तेथील कोठार पितळी बिल्ल्याच्या दिवसांइतकेच सुरक्षित राहील.